स्पीकरशी गप्पा मारताना आपली मराठी का आखडते?

लालबागकर
वडील ७६ वर्षांचे, गिरणीतले. घरात बोलका स्पीकर आल्यापासून रोज दुपारी त्याच्याशी अर्धा तास बोलतात. सुरुवात हुकमी: "आज पाऊस आहे?" पाच मिनिटांत, "म्हणजे छत्री नेऊ म्हणतेस?" पुढे थेट १९८२चा संप. बाबा वाक्याच्या मधोमध श्वास घ्यायला थांबले, की यंत्राला वाटतं, झालं यांचं. ते मध्येच बोलू लागतं. आता बाबा गोष्टच छाटून, तारेच्या भाषेत सांगतात. यंत्रासाठी माणसाने आपली बोली का कातरावी?

सव्वानऊची लोकल
कातरतोच की आपण! तहसील कचेरीत बोलता तसे कोळणीशी बोलता का? बाबांचं ऐकायला कुणीतरी आहे, हे बघा. दुपारी तुम्ही कुठे असता?

लालबागकर
टोमणा पोचला. पण कोळीण उलट बोलते हो, "परवडत नसेल तर पुढे व्हा." हा डबा फक्त माफी मागतो.

आवाजवाली
याच कामात आहे म्हणून सांगते. माणसामाणसांत एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. २००९ साली दहा भाषांच्या अभ्यासात तसं दिसलं. इतक्या झटपट जमतं, कारण समोरच्याचा सूर, "बरं का", "ना" यांवरून आपल्याला शेवट आधीच कळतो. बरीच यंत्रं मात्र शांतता किती लांबली तेच मोजतात. आणि एक, चुकीचं ऐकलं की आपण "दा...द...र" असं फोडून ओरडतो. त्याने बऱ्याचदा आणखीच बिघडतं, कारण यंत्र शिकलेलं असतं साध्या बोलण्यावर. बाबांना म्हणावं, होतं तसंच बोला.

जुना खोडकर
यंत्राला माणूस समजायची खोड आजची नाही. १९६६मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा गप्पा मारणारा संगणक-प्रोग्राम केला. आवाज नाही, नुसतं टाइप करायचं. तरी त्याच्याशी बोलायला बसलेल्या त्यांच्या सेक्रेटरीने थोड्याच वेळात त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे ते स्वतःच या प्रकाराचे कडक टीकाकार झाले. मीही त्यांच्याच बाजूचा.

बोरिवलीची आई
मला धास्ती उलटी. मुलगा सहा वर्षांचा. "गाणं लाव, बंद कर" करत दिवस जातो आणि संध्याकाळी आजीलाही त्याच सुरात "पाणी आण". २०१८मध्ये अ‍ॅमेझॉन आणि गूगलने मुलांच्या 'प्लीज'ला शाबासकी देण्याची सोय आणली खरी. पण आपल्याकडे प्लीज असतं कुठे? आपली विनवणी क्रियापदात: "लावशील का", "दे ना गं". त्याला शाबासकी कोण देणार?

सव्वानऊची लोकल
आजीने! पाणी आणू नये, एवढंच.

लालबागकर
काल सुट्टी होती, म्हणून मीच बाबांना संपाचं विचारलं. पंधरा मिनिटांत मी त्यांना दोनदा तोडलं, एकदा फोनही बघितला. बाबा उठले, स्पीकरकडे वळून म्हणाले, "हिचं बरं आहे. निदान सॉरी तरी म्हणते."