आमदार साहेब टॅक्स अन् बंदुकीचं सांगून गेले, यातलं त्यांच्या हातात नेमकं काय हाय?

वावरकाठ
रामराम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातून लिहून राहिलो, जंगलाला लागून गाव हाय, नाव मुद्दामच टाकत नाही कारण कोणाले दोष द्यायचा नाही, समजून घ्यायचं हाय. आमचे आमदार साहेब गावात येऊन गेले, ग्रामपंचायतीपुढं खुर्च्या टाकल्या होत्या, अधिवेशनात काय झालं, टॅक्सचं काय झालं ते सांगितलं. मले हे खरंच आवडलं, मत मागाले सारेच येतात, मधात येऊन हिशोब सांगाले कोण येते.

तर ते म्हणाले जीएसटी कमी झाला, ट्रॅक्टर १२ चा ५ टक्क्यावर आला, ठिबक अन् तुषारही ५ वर. मग म्हणाले रिव्हॉल्वर-पिस्तुलवर मात्र २८ चा ४० टक्के केला. ते ऐकून मागून पोरं बोलली, साहेब पिस्तूल कोणाले पाहिजे, डुकरं हाकलाले साधी बंदूक द्या, जागली करून करून माणसं थकली. आमच्या इकडं हरभरा घाट्यावर आला की रोह्याचा (नीलगायीचा) कळप उतरते अन् तुरीत रानडुकरं, सकाळी धुऱ्यावर उभं राहून पाहिलं की जेवण जात नाही. त्यावर साहेब म्हणाले पीक संरक्षणाच्या बंदुकीचं लायसन्स सोपं करू, मी पाठपुरावा करतो. लय टाळ्या वाजल्या.

आता मले विचारायचं हे की यातलं आमदाराच्या हातात किती असते? जीएसटी त्यांनी कमी केला का, बंदुकीचा कायदा विधानसभेत बदलते का? पुढच्या अधिवेशनाच्या आधी गावातून निवेदन द्यायचा विचार हाय, ते योग्य माणसापाशी योग्य गोष्टीचं गेलं पाहिजे. जाणकारांनी सांगावं.

कोर्टकचेरी
चांगला प्रश्न विचारला भाऊ, मी वकिली करतो, जेवढं पक्कं माहीत हाय तेवढं लिहितो.

शस्त्र, बंदुका, दारूगोळा हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत हाय. कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे, दोन्ही दिल्लीचे. २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, त्यात एका माणसाले तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात अन् लायसन्सची मुदत तीन वर्षांची पाच झाली, तीही संसदेतच झाली. म्हणजे लायसन्सचा कायदा सोपा करणं हे विधानसभेच्या हातात नाही. लायसन्स देते जिल्हाधिकारी, पोलीस ठाण्याचा रिपोर्ट मागवून.

पण एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणाचा वेगळा उल्लेख हाय, खऱ्या पीक संरक्षणासाठी भरमार बंदुकीचं (नळीच्या तोंडातून बार भरायची जुनी बंदूक) लायसन्स द्यावं असं स्पष्ट लिहिलं हाय, अन् भरमार पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. कलम १४ म्हणते की अर्जदाराकडं मालमत्ता कमी हाय एवढ्याच कारणावरून लायसन्स नाकारता येत नाही. दोन एकरवाल्या कास्तकारानं हे लक्षात ठेवावं. नाकारलं तर कारण लेखी नोंदवावं लागते अन् अपील करता येते. कायदा बदलाची वाट न पाहता आधी आहे तो कायदा वापरून अर्ज करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे साहेबांनी सांगितलं की नाही माहीत नाही. बंदूक हातात असणं अन् जनावर मारायची परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी हायत. रानडुक्कर अन् रोही दोन्ही वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात येतात, २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची दोनमध्ये. कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकते, उभ्या पिकाचं नुकसान हे कारण कायद्यातच लिहिलं हाय. परवानगी नसताना गोळी घातली तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, मग बंदुकीचं लायसन्स खिशात असलं तरी. अन् परवानगीनं मारलेलं जनावरही सरकारची मालमत्ता असते, घरी नेलं तर वेगळी केस.

बियाणेवाला
टॅक्सचं मी सांगतो, कृषी केंद्र चालवतो म्हणून रोजचाच विषय हाय.

जीएसटीचे दर जीएसटी कौन्सिल ठरवते, त्यात केंद्राचे अर्थमंत्री अन् साऱ्या राज्यांचे मंत्री असतात, मतदानात केंद्राचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, अन् ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश लागते. ही कपात ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत ठरली अन् २२ सप्टेंबरपासून लागू झाली. विधानसभेत राज्याच्या जीएसटी कायद्याचं दुरुस्ती विधेयक येते तेव्हा आमदार मत देतात, पण ट्रॅक्टरवर ५ की १२ हे तिथं ठरत नाही.

फायदा खरा हाय हे मात्र मान्य करावं लागीन. टॅक्सविना ७ लाखाचा ट्रॅक्टर धरला तर आधी ८४ हजार जीएसटी लागायचा, आता ३५ हजार, सरळ ४९ हजार वाचले. ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब १८ चे ५ वर आले. निंबोळीचे औषध, ट्रायकोडर्मा असे काही जैविक १२ चे ५ वर आले. पण पऱ्हाटीवर (कपाशीवर) जे आपण हप्त्या-पंधरवड्याले फवारतो ते रासायनिक औषध अजून १८ वरच हाय, त्यात एक रुपया कमी झाला नाही, अन् कास्तकाराले कुठं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट) मिळते, तो १८ टक्का त्याच्याच खिशातून जाते. माझ्या काउंटरवर येऊन लोक विचारतात की टीव्हीवर तर स्वस्त झालं म्हणतात, मग बिल तेवढंच कसं, म्हणून लिहिलं. ट्रॅक्टर माणूस दहा-पंधरा वर्षांत एकदा घेते, फवारणी दर मोसमात असते. साहेबांनी ट्रॅक्टर सांगितला तर औषधाचंही सांगायले पाहिजे होतं.

पिस्तुलाचा ४० टक्केही त्याच बैठकीत ठरला, त्याचा आपल्या भरमार बंदुकीशी संबंध नाही.

जुना_कास्तकार
पोरांनो माझं ऐका. आमच्या घरी भरमार होती, माझ्या बाच्या नावानं लायसन्स होतं. त्या काळी नुसता बार काढला तरी डुकरं आठ दिवस त्या वावरात येत नव्हती, मारायचं कामच पडत नव्हतं. पण इलेक्शन आलं की ठाण्यात जमा करा, मग सोडवाले चकरा, रिन्युअलले चकरा, अन् नेमका सुगीचा टाईम असला की बंदूक ठाण्यात अन् डुकरं वावरात. बा गेल्यावर वारसानं अर्ज करता येतो पण आमी केला नाही, कोण मागं लागते. आता नातू म्हणते पुन्हा अर्ज करू. त्याले मी म्हटलं कर, सातबारा लाव, नुकसानीचे जुने पंचनामे असतील ते लाव, अन् बंदूक चालवायचं ट्रेनिंगही घ्यावं लागते आता, ते आधी करून ठेव.

आमदारानं एवढं तरी करावं, जिल्हाधिकाऱ्यासोबत बसून पीक संरक्षणाचे किती अर्ज पडून हायत ते विचारावं अन् ते सुगीच्या आधी निकाली काढायले लावावे. त्याले कायदा बदलावा लागत नाही.

जंगलकाठची_लेक
मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. घरोघरी बंदूक आली तर मला तरी भीती वाटते. रात्री वावरात कोण चालून राहिलं हे दिसत नाही, तेंदूपत्त्याच्या अन् मोहफुलाच्या दिवसांत बाया पहाटेच्या अंधारात जंगलात जातात, काकांनी सांगितला तो नुसता बार काढायचा जमाना वेगळा होता. दारू पिऊन भांडणं होतात त्या घरात बंदूक ठेवायची का हाही प्रश्न आहे.

त्याहून वाईट म्हणजे कुंपणाच्या तारेत डायरेक्ट लाईनचा करंट सोडतात ते. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो अन् शेजारच्या वावरातला माणूसही मरतो, अन् मग ज्यानं तार लावली तो पोरगा जेलात. आमच्या भागात असं घडलं आहे, दोन घरं बसली. तो माणूस काही वाईट नव्हता हो, पीक वाचवायला निघाला होता. म्हणून मी म्हणते निवेदनात बंदुकीच्या आधी सौर कुंपण लिहा. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला ७५ टक्के अनुदान आहे, पण यादीत गाव असावं लागतं अन् पैसे वेळेवर यावे लागतात. सोलरच्या झटका मशीनचा करंट मारत नाही, फक्त झटका देतो. अन् एकट्याच्या वावराला तार लावली की डुकरं शेजारच्याच्या वावरात घुसतात, तेव्हा पूर्ण शिवाराला सामूहिक कुंपण मागा. आमदार निधी, जिल्हा नियोजनाचा पैसा, हे तर सगळं इथंच ठरतं ना, दिल्लीत नाही.

वावरकाठ
ताई तुमचं पटलं, राग कशाचा. आमच्याही गावात डायरेक्ट करंट लावणारे हायत, सांगून ऐकत नाहीत कारण पीक गेलं तर वर्ष जाते.

वकील साहेब, म्हणजे जनावराच्या कायद्यातही विधानसभेले काहीच करता येत नाही का? का तेही दिल्लीच?

कोर्टकचेरी
नाही, इथंच खरी गोम हाय. बंदूक केंद्राच्या यादीत, पण वन अन् वन्यजीव समवर्ती यादीत हाय, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं तिथं आणलं. म्हणजे राज्यालाही कायदा करता येते, केंद्राच्या कायद्याशी विसंगत असला तर राष्ट्रपतींची मंजुरी लागते. केरळानं हाच रस्ता धरला. आधी २०२२ मध्ये त्यांनी ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांना रानडुक्कर मारायची परवानगी द्यायचे अधिकार दिले, मग ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या विधानसभेनं वन्यजीव कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करणारं विधेयकच पास केलं. ते योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकते, माझं मत विचाराल तर सरसकट मारायला मोकळीक देऊ नये, पण परवानगीचा अधिकार गावाच्या जवळ यावा. आज परवानगी येईपर्यंत पीक कापून होते किंवा खाऊन होते.

दुसरा रस्ता कलम ६२ चा, त्यात केंद्र ठरावीक भागात ठरावीक मुदतीसाठी एखादं जनावर उपद्रवी जाहीर करते, म्हणजे ते मारायले वेगळी परवानगी लागत नाही. बिहारमध्ये रोही अन् रानडुकराबाबत, उत्तराखंडमध्ये रानडुकराबाबत तसं झालं हाय. त्याच्यासाठी राज्यानं प्रस्ताव पाठवावा लागते, म्हणजे पुन्हा आपलेच आमदार अन् मंत्री. तेव्हा साहेबांना विचारा की विधानसभेत तारांकित प्रश्न लावाल का, लक्षवेधी मांडाल का. पाठपुरावा करतो हा शब्द कुठं नोंदला जात नाही, तारांकित प्रश्न विधिमंडळाच्या रेकॉर्डवर येतो अन् मंत्र्याला उत्तर द्यावं लागते. हिवाळी अधिवेशन तर नागपूरलाच भरते, आपल्या दारात.

पऱ्हाटीचा_बोंड
टॅक्सवर माझे दोन शब्द. आमदाराले विचारायचंच असेल तर डिझेलचं विचारा. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागते अन् तो राज्य सरकारच ठरवते. आपल्या इकडं डिझेलवर २१ टक्के अन् पेट्रोलवर २५ टक्के अधिक लिटरमागं ५ रुपये १२ पैसे. २०२४ च्या जुलैत मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा डिझेलचा दर २४ वरून २१ वर आणला, म्हणजे कमी करता येते हे तर दिसलंच, फक्त आपल्या वाट्याले काही आलं नाही. नांगरणी, पेरणी, मळणी सारं भाड्याच्या ट्रॅक्टरवर, डिझेल वाढलं की एकरी भाव वाढते, अन् ज्याच्याकडं ट्रॅक्टर नाही तो सगळ्यात जास्त भरते. ट्रॅक्टर स्वस्त झाल्याचा फायदा घेणाऱ्याले झाला, भाड्यानं करणाऱ्याले कुठं झाला.

कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क २०२५ च्या ऑगस्टमध्ये काढून डिसेंबरअखेरपर्यंत माफ ठेवलं, ऐन आपला कापूस निघायच्या टाईमले. ते केंद्राचं, त्यासाठी खासदाराले धरा. आमदारापाशी नेलं तर ते दिल्लीकडं बोट दाखवतीन अन् त्यांचं चूक नसेल.

बियाणेवाला
डिझेलचं बरोबर बोलले भाऊ, हे निवेदनात पयलं टाका.

अन् एक राहिलं, पीक विम्याचं. २०२५ मध्ये एक रुपयावाला विमा बंद झाला, आता खरिपाले २ टक्के, रब्बीले दीड अन् कापसासारख्या नगदी पिकाले ५ टक्के हप्ता आपल्याले भरा लागते. पण केंद्रानं जंगली जनावराचं नुकसान २०२६ च्या खरिपापासून विम्यात घेता येईल असं केलं हाय, त्यात कोणती जनावरं अन् कोणते भाग हे राज्यानं ठरवायचं असते. ७२ तासांत ॲपवर फोटोसकट कळवावं लागते. त्या यादीत रानडुक्कर, रोही, माकड अन् आपला तालुका हाय की नाही हे आमदार साहेबांनी कृषी खात्यात जाऊन पाहणं, हे शंभर टक्के त्यांच्या हातातलं काम हाय. वनखात्याची भरपाई वेगळी, तिचा अर्ज तीन दिवसांच्या आत टाका, उशीर झाला की तिथंच अडकते.

वावरकाठ
मंडळी लय उपयोग झाला, खरंच. आता असं ठरवलं की एकच निवेदन, त्यात डिझेलचा व्हॅट, शिवाराचं सामूहिक सौर कुंपण, विम्याच्या यादीत रानडुक्कर-रोही, अन् पीक संरक्षणाचे पडून असलेले अर्ज, हे चार साहेबांना. परवानगीचा अधिकार खाली द्यावा यावर तारांकित प्रश्न लावा असं वेगळ्या कागदावर. कापसाचं शुल्क अन् औषधावरचा १८ टक्का खासदाराकडं. ग्रामसभेत वाचून ठराव घेऊ म्हणतो, बायांच्या सह्या आधी घेऊ, ताईंचं बोलणं तिथं वाचून दाखवीन.

जुना_कास्तकार
ठराव घेतला तर ग्रामसेवकाकडून नक्कल घेऊन ठेव बाप्पा, अन् निवेदन देशील तेव्हा दुसऱ्या प्रतीवर शिक्का अन् तारीख घेतल्याशिवाय हलू नको.