वनहक्काचा सहायक कचेरीसारखा बोलतो, काय करावं?

तेंदूपान: गडचिरोलीतल्या धानोरा भागातल्या ग्रामसभांसाठी फोनवर उत्तर देणारा मराठी एआय सहायक करतोय. मॉडेल तयार, सोबत २००६ चा वनहक्क कायदा जोडलाय. तरी गोंड शेतकऱ्याने जबरानजोतीच्या (कागदाविना कसलेल्या वनजमिनीच्या) पट्ट्याचं विचारलं की "७५ वर्षांचे पुरावे आणा" म्हणतो, वर "अतिक्रमण" म्हणतो ते वेगळंच.

कोरचीकर: भाऊ, या दोन वेगळ्या भानगडी आहेत. ७५ वर्षांची अट इतर पारंपरिक वननिवासींना. अनुसूचित जमातीच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा पुरतो. मॉडेलला द्यायला कायद्याचे तुकडे शब्द मोजून कापले की व्याख्या एका तुकड्यात आणि अट दुसऱ्यात जाते. कलमानुसार कापा, प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर "कोणाला लागू" लिहा. २०१२ ची नियमदुरुस्ती मूळ नियमांत मिसळून घ्या, नाहीतर ग्रामसभेची गणपूर्ती अजून दोन-तृतीयांशच सांगेल. आता ती निम्मी आहे, आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश महिला हव्यात.

मोहफूल: "अतिक्रमण" मात्र असं जाणार नाही. एका प्रश्नाची दोन उत्तरं गावात मोठ्याने वाचून दाखवा. कोणतं बरं आणि का, ते रेकॉर्ड करा. नियम त्या "का"मधूनच निघतात. बायांची बैठक वेगळी घ्या, एकत्र बसवलं की दोघं-तिघंच बोलतात. आणि बहुमत काढू नका. मोहाखालचा पाला जाळण्यावर वेचणाऱ्या बाया आणि वणव्याला भिणारे यांचं जुळणार नाही. तिथे सहायकाने दोन्ही बाजू सांगून विषय ग्रामसभेकडे द्यावा. अशा उत्तरांच्या शंभरेक जोड्यांवर मॉडेलला नव्याने शिकवू नका, तेवढीच वाक्यं घोकतं. आठ-दहा नमुना उत्तरं मॉडेलला दिलेल्या सूचनेत (प्रॉम्प्टमध्ये) द्या, बाकी तपासणीला ठेवा.

इंद्रावतीकाठ: बोलणं ऐकून लिहून देणाऱ्या व्हिस्पर मॉडेलच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, गोंडी नाही. गोंडी वाक्य आलं तरी ते बिनदिक्कत काहीतरी मराठी लिहून मोकळं होतं. शंका आली की फोन वनहक्क समितीच्या माणसाला जोडा. रेकॉर्डिंगला एकट्या बोलणाऱ्याची संमती पुरत नाही, ग्रामसभेचा ठराव घ्या. त्यात मुदत आणि ठराव मागे घ्यायची सोय लिहा. पेनठाण्यांच्या (गोंडांच्या देवस्थानांच्या) जागा रेकॉर्डिंगमधून आधीच गाळा, शिकवलेल्या मॉडेलमधून नेमकं तेवढंच काढणं जवळपास अशक्य.

तेंदूपान: जमातीचा की इतर, हे फोनवर विचारलं तर जात विचारल्यासारखं नाही का होणार?

कोरचीकर: मग विचारूच नका. दोन्ही अटी लागोपाठ ऐकवा, जमातीची आधी.