नाणेघाट कोकणातून चढायचाय, सोबत आई आहे, जमेल का?

भटकी_डोंबिवली
मंडळी, सल्ला हवाय. आई ६१ वर्षांची, शाळेत इतिहास शिकवायची. सातवाहन शिकवताना नाणेघाटातल्या गुहेत कोरलेला नागनिका राणीचा लेख वर्गात कितीदा सांगितला असेल पण स्वतः कधीच बघितला नाही. जुन्नरकडून घाटघरमार्गे वरपर्यंत गाडी जाते ते माहितीय, पण ती म्हणते व्यापारी जिथून चढायचे तिथूनच मी चढणार. रोज चार-पाच किमी चालते, दम लागत नाही, फक्त उतरताना डावा गुडघा दुखतो. डिसेंबरात पायथ्याच्या वैशाखरे गावाकडून गेलो तर शेवटचा टप्पा कितपत अवघड आहे?

मुरबाडकर
जमेल ताई, नक्की न्या. कल्याण-मुरबाड-माळशेज रोडवरच उतरायचं, तिथून सुरुवातीला झाडीतली साधी वाट आहे आणि नानाचा अंगठा हा सुळका समोर दिसत राहतो त्यामुळे दिशा चुकत नाही. खरी चढण नंतर, मोठमोठे धोंडे आणि जुनी दगडी फरसबंदी, पायऱ्या एकसारख्या नाहीत, काही गुडघ्याएवढ्या उंच. दगड इतके झिजलेत की कडा गुळगुळीत झाल्यात आणि वर सुका पाला पडला की खालचा सुटा दगड दिसतच नाही, तिथे काठीने पाला बाजूला करून मगच पाय टाकायचा. आम्हाला तीन तास लागतात, तुम्ही चार धरा आणि सकाळी सहाला चालायला लागा, दहानंतर कातळ तापतो.

कातळवेडा
चढायचं टेन्शन नाही, उतरायचं आहे. माझ्या वडलांना मी त्याच वाटेने खाली आणलं, अर्ध्यात त्यांचे गुडघे थरथरायला लागले आणि दर दहा पावलांवर बसावं लागलं, ती चूक माझी होती. तुम्ही आईंना उतरवूच नका. घरातल्या कोणाला तरी गाडी घेऊन घाटघरकडून वर यायला सांगा, परत जाताना जुन्नरवरून जा.

आणि गुहेत घाई करू नका प्लीज. लेख डाव्या-उजव्या दोन्ही भिंतींवर आहे, ब्राह्मी लिपी, भाषा प्राकृत. यज्ञांत दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापणं म्हणजे तेव्हाची नाणी, सगळे आकडे कोरलेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या लोकांच्या मूर्ती होत्या, आता नुसती पावलं उरलीत, वर नावं आहेत. बॅटरी न्या, तिरका उजेड पाडला की अक्षरं उठून दिसतात.

भटकी_डोंबिवली
दादा, उतरायचा विचारच केला नव्हता मी. भाऊ गाडी घेऊन वर येईल. पाणी किती न्यायचं?

मुरबाडकर
माणशी तीन लिटर. गुहेजवळ टाकी आहेत पण त्या भरवशावर निघू नका. खाऊ बॅगेतच ठेवा, माकडं हातातून ओढतात. वर पोचलात की जकातीचा दगडी रांजण दाखवा आईंना.