भाच्यानं वर्ल्ड चॅम्पियनशिपचा डेक घेतलाय, आता म्हणतोय खेळायला जायचंय

टिळकवाडीचा_मामा
नमस्कार मंडळी, ह्या कार्डांतलं मला काय कळत नाही म्हणून विचारतोय. भाचा सातवीत आहे, शहापुरात राहतोय, दोन वर्षं झाली पोकेमॉनची कार्डं जमवतोय. गणपती-दिवाळीत पाया पडून मिळालेले पैसे साठवून त्यानं ऑनलाइन एक डबा मागवला, वर वर्ल्ड चॅम्पियनशिप डेक (म्हणजे खेळायच्या कार्डांचा तयार संच) असं लिहिलंय आणि कार्डांवर कुणाची तरी सही छापलीय. आता पोरगं म्हणतंय मामा हा डेक घेऊन यंदा ऑगस्टात सॅन फ्रान्सिस्कोला जायचं. आक्का फोन करून मलाच म्हणते तूच समजाव, पहिलं पाकीट तूच घेऊन दिलंस. ते खरंय, खडे बाजारात दहा रुपयाचं सोनेरी पाकीट मीच घेऊन दिलेलं. तर अशी स्पर्धा खरंच असते काय, आणि फी भरून जाता येतं काय? चेष्टा करू नका.

निपाणीकर_साठपानी
मामा, स्पर्धा एकदम खरी. 2004 ला फ्लोरिडात ऑरलँडोला सुरू झाली, कोरोनात दोन वर्षं बंद, मग 2022 लंडन, 2023 योकोहामा, 2024 होनोलुलू, 2025 अनाहाइम, 2026 सॅन फ्रान्सिस्को. पण फी भरून खेळायला मिळत नाही, सीझनभर स्पर्धा खेळून पॉइंट जमवायचे, मग बोलावणं. जन्मसालावर तीन गट असतात, ज्युनिअर, सिनिअर, मास्टर्स, भाचा बहुतेक सिनिअरमधे बसेल.

आता वाईट बातमी. तो डबा म्हणजे आधीच्या वर्ल्ड्सला नाव काढलेल्या प्लेअरच्या डेकची कॉपी, सही त्याचीच. त्यातल्या कार्डांची पाठ साध्या कार्डापेक्षा वेगळी छापतात आणि अधिकृत स्पर्धेत तो चालत नाही. एक साधं कार्ड शेजारी उलटं ठेवून बघा.

मला हे कसं माहीत विचारा की. मी तसलाच डेक स्लीव्हमधे (कार्डाचं प्लास्टिकचं कव्हर) घालून रात्रभर बसनं बेंगळूरला गेलो होतो, पहिल्याच राऊंडला जजनं स्लीव्हमधून एक कार्ड काढलं, उलटं केलं आणि माझ्याकडं बघितलं. बस्स, काय बोललाच नाही. शेजारच्या टेबलवरच्या एका तमिळ पोरानं त्याचा जादाचा डेक दिला म्हणून खेळलो तरी, तिन्ही राऊंड हरलो ते वेगळं.

टिळकवाडीचा_मामा
अरे देवा. आणि खडे बाजारातलं सोनेरी?

निपाणीकर_साठपानी
ते नकली हो मामा, दहा रुपयाला सोनेरी म्हटलं की समजायचं. फेकू नका पण, पोराला हिशोब शिकायला बरं. डेक साठ पानांचा, एका नावाचं कार्ड चारच, फक्त बेसिक एनर्जी (पोकेमॉनला ताकद देणारी साधी कार्डं) कितीही. सहा प्राइझ कार्डं बाजूला, समोरच्याचा पोकेमॉन गारद केला की त्यातलं उचलायचं (मोठ्या पोकेमॉनला दोन-दोन, तीन-तीन मिळतात), आधी सहा संपवली तो जिंकला. खरी कार्डं घेताना खाली कोपऱ्यातलं बारीक अक्षर बघा, जुनी अक्षरं ठरावीक काळानं स्पर्धेतून बाद होतात, नाहीतर परत पैसे पाण्यात. तोवर फोनवर टीसीजी लाइव्ह (ह्याच कार्डांच्या खेळाचं अ‍ॅप) फुकट आहे, त्याच्यावर हात बसू दे.

कॅम्पातला_गेमर
कार्डावरच का अडून बसलाय सगळे, 2009 पासून व्हिडिओ गेमची वर्ल्ड्स पण सोबतच होते, आणि 2022 ला गो आणि युनाइट हे पोकेमॉनचेच दुसरे गेम पण आले. व्हिडिओ गेममधे सहा पोकेमॉनची टीम न्यायची, त्यातले चार निवडायचे, दोन विरुद्ध दोन लढाई. 2014 ला वॉशिंग्टनला कोरियाच्या सेजुन पार्कनं पाचिरिसू नावाची खारूताई आणली होती, कोण घेतंय तसलं म्हणून लोक हसत होते, ती समोरच्याचे मार स्वतःवर ओढून घ्यायची आणि शेजारचा पार्टनर मोकळा मारायचा. जिंकला की गडी वर्ल्ड चॅम्पियन! पण इथं बी चोरी चालत नाही हं, योकोहामात हॅक करून बनवलेले पोकेमॉन सापडले म्हणून काही जणांना बाद केलं होतं.

खानापूर_पाऊसवाला
सातवीतल्या पोराला अमेरिका? पासपोर्ट, व्हिसा, विमान, हे कोण भरणार. आधी गणिताचे मार्क विचारा त्याचे.

निपाणीकर_साठपानी
अण्णा सुम्म बसा की, त्यानं प्रश्न काय विचारलाय आणि तुम्ही काय सांगताय.

टिळकवाडीचा_मामा
आत्ता शहापुरातून जाऊन आलो. आक्कानं चहा दिला, टोमणे पण दिले. कार्ड शेजारी ठेवून बघितलं, पाठ वेगळी आहे की हो! पोराला जपून सांगायला गेलो तर पठ्ठ्या म्हणतो, मला माहितेय मामा, म्हणून तर काळी स्लीव्ह घातलीय.

निपाणीकर_साठपानी
नको नको नको. जज काढून बघतात म्हणून सांगा त्याला.