चेनसॉचं इंजिन घरी खोललंय, बोअर मारू का? आणि खोललंच आहे तर पॉवर वाढवता येईल का?

बडोद्याचा_खटपट्या:
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय. माझ्याकडे ५८ सीसीचा चायनीज चेनसॉ आहे, तो नारिंगी-काळा, ज्याच्यावर कुठल्याही नावाचा स्टिकर मारून विकतात तो. बडोद्याजवळ पादरा गावात आतेभावाचं शेत आहे, तिथे बांधावरच्या वाळलेल्या बाभळी, एखादा पडलेला निलगिरी, असं वर्षातून दोनतीनदा कापायला लागतं, तेवढाच वापर. गेल्या महिन्यात बाभळीच्या बुंध्यात अर्ध्यावर मशीन एकदम किंचाळलं आणि बंद. दोरी ओढली तर दगड. संध्याकाळी गार झाल्यावर दोरी फिरली पण अगदी पोकळ, कॉम्प्रेशन म्हणून नाही.

घरी आणून गॅलरीत पेपर पसरून खोललं (आईची एकच अट, जेवायच्या टेबलावर नको). पिस्टनला सायलेन्सरकडच्या बाजूने उभे ओरखडे, नख अडकतं एवढे, रिंग खाचेत चिकटून बसलीये, आणि सिलिंडरमध्ये त्याच बाजूला रुपेरी पट्टे. कार्ब्युरेटरकडची बाजू मात्र नवीकोरी.

इथल्या एका गॅरेजवाल्याला दाखवलं तर तो म्हणतो ५० चा बोअर मारू (म्हणजे सिलिंडर आतून अर्धा मिलीमीटर मोठा करू), ओव्हरसाइज पिस्टन टाकू, स्कूटरला करायचो तसं. करू का? आणि दुसरं म्हणजे व्हिडिओत लोक पोर्ट (सिलिंडरमधली हवा-धुराची भोकं) घासतात, गास्केट काढून टाकतात, सायलेन्सर मोकळा करतात, ते घरी ड्रिल आणि कानशीवर जमेल का?

ता.क. ऑइल बरोबर होतं, लिटरला ४० मिली. उलट बंद पडायच्या आधी मशीन जबरदस्त चालत होतं, गरम झालं की रेस आपोआप वाढायची, ट्रिगर सोडला तरी खाली यायला वेळ घ्यायचं. मला वाटलं इंजिन आता खुललं.

फुरसतीत_आहे:
नवीन घे रे. वर्षातून तीनदा वापरायच्या मशीनवर एवढा जीव कशाला जाळतोस.

जुना_टूस्ट्रोक:
वरच्यांना म्हणावं ज्याला खोलायची हौस आहे त्याला नवीन घे सांगून उपयोग नसतो.

खटपट्या, आधी बोअरचं. अजिबात मारू नकोस. गॅरेजवाला खोटं बोलत नाहीये, त्याचा हात जुन्या स्कूटरवर बसलाय एवढंच. बजाजच्या स्कूटरचा सिलिंडर बिडाचा, यामाहा आरएक्स१०० ला ॲल्युमिनियमच्या आत बिडाचा स्लीव्ह, ते २५, ५०, ७५ करत शंभरपर्यंत बोअर मारत जायचे, आम्ही सगळ्यांनी केलंय. चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा आणि आत क्रोम नाहीतर निकासिलचा पातळ थर, केसापेक्षा फार जाड नाही. बोअरिंगचं टूल लागलं की तो थर गेला, खाली उघडं ॲल्युमिनियम, त्यावर ॲल्युमिनियमचा पिस्टन. पहिल्या टाकीतच परत जाम.

आता ते रुपेरी पट्टे. ते बहुतेक ओरखडे नाहीतच, पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरला फासलं गेलंय. फरशी धुवायचं ॲसिड मिळतं ना बाटलीत, ते कान साफ करायच्या काडीने फक्त त्या पट्ट्यावर लाव. फेस आला की ॲल्युमिनियम निघतंय, पुसून परत लाव, फेस थांबला की थर लागला, तिथे थांबायचं. पोर्टच्या कडेला आणि पोर्टच्या आत थेंबही जाऊ द्यायचा नाही, तिथे थर नसतो, ॲसिड सिलिंडरच खाईल. गॅलरीत वारा असताना कर, हातमोजे, चष्मा, आणि जवळपास ब्लीचची बाटली नको. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धू, तेलाचा हात फिरव. मग बोट फिरवून बघ, गुळगुळीत लागलं तर हिरव्या घासणीने हलकं तिरकं घासून तोच सिलिंडर वापर. थराचीच पापडी सुटलेली दिसली तर मात्र फेकून दे, या मशीनचं सिलिंडर-पिस्टनचं अख्खं किट हजार-बाराशेत येतं.

पण हे सगळं नंतर. तुझ्या ता.क. मध्येच रोग लिहिलायस तू. गरम झाल्यावर रेस आपोआप चढते, ट्रिगर सोडून उतरत नाही, याला इंजिन खुलणं म्हणत नाहीत, मशीन कुठूनतरी फुकटची हवा ओढतंय. टू स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, हवा जास्त म्हणजे पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, मरायच्या आधी इंजिन असंच जोरात पळतं. एक्झॉस्टकडची बाजू सगळ्यात गरम म्हणून तिथेच खरडतं. धूळ गेली असती तर कार्ब्युरेटरकडची बाजू घासली असती. नवीन पिस्टन टाकशील आणि गळती तशीच ठेवशील तर तोही तसाच जाईल. मशीन कधी पडलं होतं का, पाण्यात वगैरे?

बडोद्याचा_खटपट्या:
काका तुम्ही ज्योतिषी आहात का! ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात मशीन बडोद्यातच समा भागात मित्राच्या तळघरात होतं, दोन दिवस पाण्याखाली. तेव्हा टाकी ओतून, प्लग काढून, दोरी ओढून पाणी काढलं, कार्ब्युरेटर धुतला, तिसऱ्या झटक्याला सुरू झालं म्हणून मी मिशीला पीळ दिला होता. फ्लायव्हीलच्या मागे हात घातला नव्हता. आज काढलं तर मागे वाळलेला गाळ, पापडासारखा.

जुना_टूस्ट्रोक:
झालं मग. नदीचा गाळ क्रँकच्या सीलच्या (शाफ्टभोवतीची हवा अडवणारी रबरी कडी) ओठाखाली बसला आणि क्रँक फिरेल तसा खात गेला. त्यात आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल, २० टक्के, महिनाभर टाकीत राहिलं की फ्यूएलचा पाइप कडक आणि कार्ब्युरेटरचा पडदा लाकूड होतो, तेही वाकवून बघ. पुढच्या वेळी काम झालं की टाकी रिकामी आणि बंद पडेपर्यंत चालवायचं.

प्रेशर टेस्ट कर. घरात जुनं बीपीचं मशीन आहे का, काटावालं? सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून एक एक्झॉस्टला लाव, सायलेन्सर वरून आवळ, दुसरा कार्ब्युरेटरच्या खाली. पिस्टन खाली ठेव म्हणजे पोर्ट उघडे राहतील आणि प्लगच्या भोकातून बीपीचा फुगा जोड. काटा ३०० पर्यंत ने, म्हणजे साधारण ०.४ बार, याला तेवढं पुष्कळ. मग साबणाचं पाणी. नंतर उलटंही कर, हवा खेचून. सील आतून दाबलं की ओठ शाफ्टला चिकटतो आणि चांगलं असल्याचं नाटक करतो, खेचलं की उघडं पडतं.

मकरपुरा_लेथ:
अरे आपल्याच गावचा निघाला! माझं मकरपुरा जीआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. बॉस, बोअरिंगला माझ्याकडेही आला असतास तर मी हाकललाच असता.

सीलपर्यंत पोचायला क्लच काढावा लागेल, तो उलट्या आट्यांचा असतो, बंद होतो त्या दिशेने खुलतो, दरवर्षी कोणीतरी पाना तोडून माझ्याकडे येतो. पिस्टन अडवायला स्क्रू ड्रायव्हर घालू नकोस, नायलॉनची दोरी कोंब प्लगच्या भोकातून, पण पिस्टन एक्झॉस्टच्या वर आल्यावरच, नाहीतर दोरी पोर्टमध्ये कापली जाते. बेअरिंग फिरवून बघ, गाळ असेल तर खरखर करतील, नंबर वाचून सी३ (थोडं ढिलं, गरम इंजिनाला चालणारं) मागायचा. केस गरम आणि बेअरिंग फ्रीजमध्ये, हातोडा न मारता बसतं (ओव्हन वापरणार असशील तर घरात कोणी नसताना).

आता पॉवर. सिलिंडर बिना गास्केटचा बसवून स्क्विश मोज, म्हणजे पिस्टन वर टोकाला असताना त्याच्या आणि सिलिंडरच्या डोक्यामधली कडेची फट. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून भिंतीला टेकेपर्यंत, पिस्टनच्या पिनच्या रेषेत, इंजिन एकदा फिरव, चपटा झालेला शेंडा व्हर्नियरमध्ये धर. दोन्ही बाजूला. आकडे टाक मग बोलू. पोर्टला कानस लावू नकोस, कडेचा थर उडाला तर रिंग तिथेच अडकेल. पोर्ट रुंद केला तर रिंग त्यात फुगते, ते काम ज्याच्याकडे फेकायला चार सिलिंडर आहेत त्याचं.

दापोली_आंबेवाला:
मधेच तोंड घालतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे बागाच्या बागा आडव्या होत्या, महिनाभर रोज सकाळ ते संध्याकाळ कटर चालवला, त्यामुळे इंजिनातलं नाही पण कापण्यातलं सांगू शकतो. पॉवर कमी वाटते तेव्हा दहात आठ वेळा चेन बोथट असते. भुसा पिठासारखा पडत असेल तर चेन गेली, चिवड्यासारखे तुकडे पडले पाहिजेत. तुझ्या चेनला बहुतेक ४.८ मिलीमीटरची गोल कानस लागेल, चेनवरचा नंबर बघून घे, ३० अंशात, सगळ्या दातांना सारखे हात, आणि दात किती खोल चावेल ते ठरवणारे पुढचे डेप्थचे खुंटही बघ. बाभळीच्या सालीत मातीच असते, एकदा जमिनीला टेकली की चेन मेली.

सायलेन्सर मी मोकळा केलाय, आतल्या पडद्याला एक भोक वाढवून. फरक पडतो, खोटं नाही. पण ठिणगीची जाळी काढू नको, वाळल्या गवतात काम करतोस. आणि मोकळा केलास की कार्ब्युरेटरचा एच स्क्रू (पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा) उघडून पेट्रोल वाढवायलाच लागतं, नाहीतर परत तेच पातळ मिश्रण आणि परत पिस्टन.

बडोद्याचा_खटपट्या:
अपडेट. वडिलांच्या बीपी मशीनने टेस्ट केली (त्यांना वाटलं मी सुधारलो, त्यांचं बीपी बघायला आलो). काटा ३०० वरून अर्ध्या मिनिटात १०० वर, फ्लायव्हीलकडच्या सीलमधून साबणाचे फुगे टपोरे येत होते, अगदी बेडकाच्या गळ्यासारखे. क्लचकडचं सील आतून दाबलं तर ठीक, खेचलं तर तेही गळतंय. काका म्हणाले तस्सं. बेअरिंगही खरखरतायत, दोन सील, दोन बेअरिंग, चारही वस्तू बदलतोय.

ॲसिडने पट्टे गेले पण एका ठिकाणी नख अजून अडकतं, वाटाण्याएवढी जागा, खालून पांढरट धातू दिसतोय. म्हणून किटच मागवलं. लेथवाले दादा, बिना गास्केट ०.६ दोन्ही बाजूंना, गास्केट ०.५ चं आहे.

मकरपुरा_लेथ:
म्हणजे गास्केटसकट १.१, कंपनीने ढिलं सोडलंय. गास्केट न टाकता ०.६ वर बसव, त्याच्या खाली जायची हाव नको, ०.५ च्या आत आलास तर गरम झाल्यावर आणि वेगात पिस्टन डोक्याला टेकू शकतो. गास्केटऐवजी ग्रे सिलिकॉनचा पातळ हात, रात्रभर वाळू दे. एक तपास विसरू नकोस, सिलिंडर खाली आला म्हणजे पोर्टही खाली आले, पिस्टन वर टोकाला असताना एक्झॉस्टमधून डोकाव, स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या कडेच्या) खाली फट दिसली तर गास्केट परत टाक.

रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट मोज, ०.२ च्या आसपास हवी. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. सर्क्लिप (पिस्टनची पिन अडवणारी तारेची कडी) नवीन, तोंड वर किंवा खाली, आडवं नको. कॉइल आणि फ्लायव्हीलमध्ये एक व्हिजिटिंग कार्ड. लग्नाची पत्रिका नाही, ती जाड होते, आमच्या पोराने केलंय.

जुना_टूस्ट्रोक:
ट्यूनिंग कानाने. एच आणि एल (कमी रेसचा स्क्रू) दोन्ही एकेक आटा उघडून सुरू कर. गरम झाल्यावर पूर्ण ट्रिगर, हवेत, लाकडात नाही, आवाज किंचित अडखळत घुरघुरला पाहिजे, घसा खाकरल्यासारखा. लाकडात घातलं की तोच आवाज साफ होतो. हवेतच शिट्टीसारखा स्वच्छ ऐकू आला तर पातळ आहे, एच उघड. ऐकायला तो स्वच्छ आवाजच छान वाटतो, तिथेच माणूस फसतो. पहिल्या दोनतीन टाक्या ४० मिलीवरच, ऑइल एफडी ग्रेडचं, आणि पूर्ण ट्रिगरवर सलग धरून ठेवू नकोस.

फुरसतीत_आहे:
आता हिशोब सांग, नव्या मशीनच्या किती जवळ पोचलास?

बडोद्याचा_खटपट्या:
हिशोब विचारू नका, बेअरिंगवाल्याने पण तेच विचारलं.

झालं सुरू!! रविवारी पादऱ्याला नेलं. स्कर्टखाली फट नव्हती म्हणून गास्केटशिवायच बसवलं, कॉम्प्रेशन गेजवर १६० पीएसआय येतंय. सायलेन्सरला एकच भोक वाढवलं, जाळी ठेवली, एच साधारण पाव आटा जास्त उघडला. पहिल्यांदा आवाज ऐकून मी एच बंद करायलाच निघालो होतो, इतका घाणेरडा वाटला, मग बाभळीत घातलं तर एकदम साफ. आणि गरम झाल्यावर ट्रिगर सोडला की रेस धप्पकन खाली, हे मी विसरलोच होतो असं असतं ते. आंबेवाले भाऊ, चेन आधी बघितली, अर्धे दात गोल झाले होते, घासल्यावर चिवडा पडला. आता पॉवर गास्केटने वाढली की कानशीने हे खरं सांगायचं तर कळत नाहीये.

फक्त एक स्क्रू उरलाय. बहुतेक एअर फिल्टरच्या कव्हरचा असेल.

जुना_टूस्ट्रोक:
बहुतेक? फोटो टाक. चेन ब्रेकच्या बाजूचा असेल तर बघेपर्यंत मशीनला हात लावू नकोस.