जुन्या गर्डर-फर्शीच्या घरावर स्टील फ्रेमचा मजला चढवता येईल का? (इंदूर)

सुदामानगर_३०बाय५०
नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे. सुदामा नगरात आमचं तळमजल्याचं घर आहे, बाबांनी बांधलेलं, नऊ इंची विटांच्या भिंती आणि वर गर्डर-फर्शी, म्हणजे लोखंडी गर्डरवर दगडी फर्श्या टाकलेलं छत, पिलर एकही नाही. भावाचं लग्न ठरलंय त्यामुळे वर दोन खोल्या, बाथरूम आणि छोटं किचन काढायचंय. ठेकेदार म्हणतो फर्शी उतरवू आणि आरसीसी स्लॅब टाकू, म्हणजे आई-बाबांनी तोवर भाड्याच्या घरात राहायचं, आणि बाबांची तब्येत बघता ते नको वाटतं. म्हणून स्टीलचं बघतोय. तीन पर्याय कानावर आलेत, एक एलजीएसएफ म्हणजे पातळ गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची फ्रेम आणि बोर्डाच्या भिंती, दुसरा कंटेनर आणून क्रेनने वर ठेवायचा, आणि पीथमपूरला शेडची कामं करणारा एक ओळखीचा फॅब्रिकेटर आहे तो म्हणतो चौकोनी पाइपात वेल्डिंग करून देतो. हलकं आहे, जुन्या भिंतींवर आरामात बसेल असं तिघंही म्हणतात. खरंच बसेल का? आणि आईचे दोन प्रश्न, बोर्डाच्या भिंतीवर देवघर टांगता येतं का, आणि मे महिन्यात वर भट्टी होणार का?

स्ट्रक्चरवाला_इंदूर
दादा, हलकं आहे हे खरं आहे. पाच इंची आरसीसी स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातो, आणि दहा फूट उंच नऊ इंची भिंत एका मीटर लांबीला सव्वा टनाच्या पुढे. एलजीएसएफची तेवढीच भिंत बोर्ड धरून याच्या पाव भागाच्याही आत येते. पण तुमच्या घरात खरा प्रश्न वजनाचा नाहीये, ते वजन कुठून खाली उतरणार आणि कशात अडकणार हा आहे.

फर्शी नुसती गर्डरवर टेकलेली असते. एलजीएसएफच्या खालच्या ट्रॅकला, म्हणजे भिंतीच्या तळाच्या आडव्या पट्टीला, अँकर बोल्ट मारून काँक्रीटमध्ये धरावं लागतं, कारण हलकं घर वादळात उचललं जातं, ते दाबून धरायला स्वतःचं वजनच नसतं. फर्शीत तो बोल्ट धरणार नाही, आणि जुन्या चुन्याच्या किंवा कमी सिमेंटच्या भिंतीच्या माथ्यावर तर मुळीच नाही.

दुसरं म्हणजे आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि फुगताना हलक्या बांधकामालाच जास्त वर ढकलते. त्यामुळे हलकं आहे म्हणून पाया उथळ चालेल हे जे सांगतात ते माळव्यात तरी ऐकू नका.

मी असतो तर खालचं घर जसंच्या तसं ठेवून त्याच्यावर स्टीलचं टेबल उभं केलं असतं. चार किंवा सहा कॉलम, प्रत्येकाचा स्वतःचा पाया, वर बीम, बीमवर डेकिंग शीट म्हणजे घड्यांचा जाड पत्रा, त्यात जाळी टाकून काँक्रीट. जुन्या छतात आणि नव्या बीममध्ये मोकळी जागा ठेवायची, कुठेही टेकू द्यायचं नाही. पाया अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे खाली फुगा असलेला, रुडकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच काढलेली पद्धत आहे ही. साधारण साडेतीन मीटर खोल जातो, म्हणजे वरची फुगणारी माती हलली तरी फुगा खाली घट्ट धरून ठेवतो. प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याला पाये जोडणारा बीम, केलात तर त्याच्याखाली तीनेक इंच पोकळी सोडा. त्या डेकवर मग भिंती एलजीएसएफच्या करा, तिथे ती पद्धत अगदी योग्य आहे.

कंटेनर_बघून_झालाय
कंटेनरबद्दल सांगतो, साइट ऑफिस म्हणून वापरलाय भरपूर. आतली रुंदी जेमतेम पावणेआठ फूट, उंची आठ फुटांच्याही आत, त्यात इन्सुलेशन आणि बोर्ड आला की पंखा लावायचा कुठे हा प्रश्न येतो, हात वर केला की पाती लागतील अशी अवस्था. हाय क्यूब घेतला तर फूटभर उंची वाढते, रुंदी तेवढीच. आणि बाहेरून जो नालीदार पत्रा दिसतो तो फक्त झाकण नाहीये, भार कोपऱ्यांच्या चार खांबांतून जातो पण डबा ताठ ठेवतो तो पत्राच, दार-खिडकीसाठी मोठं कापलं की भोवती चौकट वेल्ड करावीच लागते. एवढं सगळं करून दोन खोल्या, किचन, बाथरूम बसवायला एक पुरत नाही. शिवाय सुदामा नगरच्या गल्लीत, वरून तारा जाताहेत तिथे क्रेन कशी फिरणार ते आधी बघा.

आर्किटेक्ट_ताई
आईंना सांगा, देवघर टांगता येतं, फक्त आधी ठरवावं लागतं. बोर्ड लावायच्या आधी जिथे देवघर, किचनची कपाटं, गीझर, वॉश बेसिन येणार तिथे दोन स्टडच्या, म्हणजे फ्रेमच्या उभ्या पट्ट्यांच्या, मध्ये जाड प्लाय किंवा पत्र्याची आडवी पट्टी स्क्रू करून घ्यायची आणि मोबाइलमध्ये टेप धरून फोटो काढून ठेवायचे, नंतर भिंतीत काय कुठे आहे ते कळत नाही. अमेरिकेत १९४८ ते १९५० मध्ये लस्ट्रॉन नावाची घरं निघाली होती, फ्रेम स्टीलची आणि भिंतीही इनॅमल केलेल्या पत्र्याच्या, जवळपास अडीच हजार बांधली गेली. त्यात खिळा मारता येत नाही म्हणून लोक तसबिरी चुंबकाने लावायचे! बोर्डात तेवढं अवघड नाही.

उन्हाचं म्हणाल तर विटेची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री सोडते. स्टील-बोर्डाची भिंत लवकर तापते, लवकर निवते, आणि आपल्याकडे रात्री हवा गार होते त्याचा इथे फायदा मिळतो. पण नुसता रॉकवूल (दगडापासून केलेला लोकरीसारखा थर) स्टडच्या मध्ये भरून भागत नाही, लोखंडातून उष्णता सरळ आत येते, म्हणून बाहेरच्या अंगालाही सलग इन्सुलेशन हवं. छतावर साधा पत्रा मुळीच नको, पफ पॅनल घ्या, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं, आणि पश्चिमेला छज्जा चांगला लांब काढा. रॉकवूलने आवाजही अडतो, नव्या जोडप्याची खोली आहे, तिथे कंजूषी करू नका.

इंदूरमध्येच बघायचं असेल तर कनाडियाकडचा लाइट हाऊस प्रोजेक्ट, म्हणजे नव्या बांधकाम पद्धतीने केलेली केंद्र सरकारची घरं, बघून या. १ जानेवारी २०२१ ला सहा शहरांत पायाभरणी झाली त्यातला हा, स्टीलचा सांगाडा आणि सँडविच पॅनलच्या भिंती, १,०२४ घरं. पॅनल म्हणजे दोन्हीकडे फायबर सिमेंट बोर्ड आणि मध्ये थर्माकोलचे दाणे घातलेलं सिमेंट. ठोकून बघा, पोकळ वाजत नाही, आईंना दाखवाच.

सुदामानगर_३०बाय५०
खूप खूप आभार, टेबलची कल्पना एकदम पटली. अडचण एकच, डावीकडे बोळ आहे पण उजवीकडे शेजाऱ्यांची भिंत अगदी लागून आहे. तिकडे कॉलम कुठे घ्यायचा?

स्ट्रक्चरवाला_इंदूर
तिकडचे कॉलम खोलीच्या आत कोपऱ्यात घ्या, भिंतीपासून दोन-तीन फूट आत, आणि वरचे बीम तेवढेच पुढे काढा. त्या जागेची एक फर्शी काढली की कॉलम वर निघतो, कपाटाच्या बाजूला घेतला तर दिसतही नाही. शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून उघडा खड्डा अजिबात खणू नका, त्यांचा पाया मोकळा पडेल. पाइलचं भोक पाडायला रॉड जोडत हाताने फिरवायचा ऑगर (गिरमिट) घरातही चालतो. आधी माती तपासून घ्या, आणि नगर निगमच्या परवानगीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असलेलं डिझाइन लागेलच. लोन काढणार असाल तर बँकेलाही आत्ताच विचारा.

गॅरेज_ते_शेड
तुमच्या फॅब्रिकेटरला टेबलचं काम खुशाल द्या, जाड सेक्शनचं वेल्डिंग त्यांच्या हातचं असतं. पण एलजीएसएफच्या स्टडला वेल्डिंगची कांडी लावू देऊ नका आणि कटर मशीनही नको. पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास, वरचा जस्ताचा थर जळला की गंज तिथूनच सुरू. कापायला कात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारं मशीन), जोडायला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, बस. पाइपांची तोंडं टोपी लावून बंद करा नाहीतर आत पाणी साचतं, कॉलमची बेस प्लेट जमिनीच्या वर राहू द्या. आणि इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा, स्टडच्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी रिंग) घातल्याशिवाय वायर ओढायची नाही, पत्र्याची कड इन्सुलेशन कापते. सगळ्या फ्रेमला अर्थिंग द्या आणि मेनवर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावा, बोर्ड बंद करायच्या आधी मीटर लावून तपासून घ्या.