समुद्रावरच्या बर्फाचे फोटो (सोसायटी ग्रुप)

बी-३०४ देशपांडे काका: सकाळपासून ग्रुपवर नुसता बर्फ. हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे, मागेही सांगून झालंय. फोन भरला माझा.

ए-१०२ वैशालीताई: काका, नलूकाकूंच्या ओंकारने फिनलंडहून पाठवलेत. फार सुंदर आहेत 🙏

सी-२०१: गेटसमोरची पांढरी गाडी कोणाची? घंटागाडी आत येत नाहीये.

बी-१०३ सागर: समुद्रकिनारी बर्फाची अंडी? एआयने केलेत हे.

ए-४०१ नलूकाकू: सागर, माझा मुलगा खोटे फोटो पाठवणार नाही. हाइलुओटो बेटावर जाऊन काढलेत. २०१९च्या नोव्हेंबरात तिथलेच गोळे जगभर बातम्यांत आले होते. आधी शोध, मग बोल.

सागर: काकू, रागावू नका. खारं पाणी गोठतं कसं?

ओंकार: नमस्कार. फिनलंड आणि स्वीडनच्या मधल्या बोथनियाच्या आखातात नद्यांचं पाणी इतकं येतं की या भागात लिटरमागे मीठ जेमतेम दोन-चार ग्रॅम. अरबी समुद्रात ३५-३६. म्हणून पारा शून्याखाली गेला की लगेच गोठायला लागतं. उथळ पाण्यात बर्फाचा तुकडा लाटांबरोबर लोळतो, भोवती भुसभुशीत बर्फ चिकटतो आणि लाडू वळल्यासारखा गोल होत जातो.

सी-२०१: गाडी काढा. पांढरी.

सी-३०२ बंटी: मला एक कालाखट्टा 😄

देशपांडे काका: निफाडला माझा भाऊ द्राक्षं वाचवायला रात्रभर शेकोट्या पेटवतो. पानांवर दव गोठतं. त्याचं कौतुक कुणाला नाही.

वैशालीताई: टाका ना काका ते फोटो.

देशपांडे काका: हा ग्रुप कामासाठी आहे.

ए-२०३ मीनाकाकू: ओंकार, दुसऱ्या फोटोत तू पाण्यावर उभा आहेस का? नलू, तू विचारलंस त्याला?

नलूकाकू: मीना, फोन करायचास.

मीनाकाकू: फोटो ग्रुपवर आला म्हणून ग्रुपवर विचारलं.

ओंकार: काकू, खाली वाळूच आहे. सुरुवातीचा बर्फ पातळ असतो, त्यावर पाय ठेवत नाही. किनाऱ्यावर पोटावर झोपून, कॅमेरा गोळ्यांच्या उंचीला आणून काढतो. कॅमेऱ्यावर सोडलं तर बर्फ करडा येतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) वाढवतो. जादा बॅटरी आतल्या खिशात, थंडीत पटकन उतरते.

सी-२०१: घंटागाडी गेली. आता कचरा कुणी उचलायचा?

सेक्रेटरी: वॉचमनला पाठवतो.

सागर: ओंकारदादा, घरात आल्यावर लेन्सवर पाणी धरत नाही का?

ओंकार: धरतं. बाहेरच पिशवीत घट्ट बंद करायचा, घरात तासभर उघडायचा नाही.

मीनाकाकू: आणि टोपी कानावर घे रे. एकटा जाऊ नकोस.

ओंकार: हो काकू, मित्र आहे बरोबर. तीनच्या सुमारास सूर्य मावळतो, निघतो आता.